साहेबांच्या केबिनमधला पाळणा

कुणाचं अभिनंदन करायचं म्हटलं की मला अजून घाम फुटतो बघा. तेव्हा मी अंबरनाथच्या एका कारखान्यात सुतारखात्यात होतो. आमच्या कर्णिक साहेबांकडे लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी पाळणा हलणार, अशी कुणकुण लागली. झालं! उरलेल्या फळ्यांचा मी झकास पाळणा केला आणि साहेब यायच्या आत त्यांच्या केबिनमध्ये टांगला.

साहेब दारात दिसले, तसा मी दोरी ओढत ओरडलो, "अभिनंदन साहेब! धाकटे साहेब ड्यूटीवर येईपर्यंत आम्ही ट्रायल घेतोय!"

जमलेले कामगार खो खो हसले. साहेबांनी पुढे होऊन पाळणा धरला.

"सावंत, रिकामा पाळणा हलवू नये हो. मागे दोनदा मीच हौसेनं आधी आणून ठेवला होता. दोन्ही मुलं दगावली."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "साहेब, आत्ता काढतो."

"राहू दे. फक्त रिकामा नको," म्हणाले, आणि आपला जेवणाचा डबा त्यात ठेवला.

मग रोज डबा पाळण्यात, आणि मी केबिनवरून मान खाली घालून जाणार. एक दिवस बघतो तर डबा टेबलावर आणि पाळणा गायब!

बारशाला मला मुद्दाम बोलावणं आलं. मी केलेल्याच पाळण्यात मुलगी झोपली होती. साहेबांनी दोरी माझ्या हातात दिली.

"घ्या सावंत, आता करा ट्रायल."

माझा हात काही हलेना. शेवटी साहेबांनीच त्यावर आपला हात ठेवला आणि दोरी ओढली.