अण्णांनी फोनवर ओळखलेला डिफरन्शियल

तुम्हाला सांगतो, मागच्या महिन्यात माझ्या अंबडच्या गॅरेजात एक इलेक्ट्रिक डिलिव्हरी व्हॅन आली. चालताना पुढून सारखी घुंई घुंई करायची. सगळे म्हणाले, मोटार गेली. मी अण्णांना फोन लावला. अण्णा म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी पाना धरायला शिकलो ते. गुडघे दुखायला लागले तसे ते पुण्याला मुलीकडे राहायला गेले, अकराव्या मजल्यावर.

व्हॅन जॅकवर घेतली, चाकं फिरवली आणि फोन खाली धरला.

"मोटार नाही रे," अण्णा म्हणाले. "पुढचा डिफरन्शियल गेलाय. बदलून टाक."

डिफरन्शियल म्हणजे मोटारीचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा. चार दिवसांनी नवा आला. बसवला, चाकं फिरवली आणि पुन्हा फोन लावला. "ऐका अण्णा, आवाज गेला."

"बरं झालं." मग म्हणाले, "आता काय करणार?"

"नट आवळायचेत. मग एका रिक्षाचे ब्रेक खोलायचेत."

"मग फोन राहू दे तिथंच, मी ऐकत बसतो. तू काम कर."

मी फोन बाकावर ठेवला आणि कामाला लागलो. दुपारी डबा उघडताना आठवण झाली. बघतो तर लाइन चालूच.

"अण्णा?"

"आहे," ते म्हणाले. "तू जेवून घे. मी थांबतो."