मेनूचा अनुभव

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई आणि तिचा नोकरी गेलेला धाकटा भाऊ बसले होते. दाढ भावाची दुखत होती, पण विषय दाढेचा नव्हता.

“त्या कंपनीत अर्ज केलास का रे?”

“करतोय, ताई. आधी मेनू लावून घेतो.”

“कसला मेनू?”

“कॉम्प्युटरचा गं. लिनक्सवर सगळे प्रोग्रॅम ज्यातून उघडतात ना, तो. आपल्याला हवा तसा बदलता येतो. रंग, आकार, कुठलं चित्र कुठे, सगळं.”

“मग बदलतोयस की महिनाभर!”

“हो, पण आता गोल केलाय, तर नावं मावत नाहीत.”

“चौकोनी कर.”

“आधी चौकोनीच होता.”

“बरं, अर्ज लिहायचा प्रोग्रॅम कुठाय त्यात?”

“तो काढलाय. मेनू कसा मोकळा दिसतो बघ!”

“मोकळा तर तूही दिसतोयस. अर्जाची मुदत काल संपली.”

“काय सांगतेस! आता गं?”

“मीच भरला तुझा अर्ज, माझ्या फोनवरून. उद्या मुलाखतीला बोलावलंय.”

“ताई, देवासारखी धावून आलीस! अनुभव काय लिहिलास?”

“रोज डोळ्यांनी बघते तेच. दिवसभर नवनवे मेनू तयार करतो, म्हटलं.”

“आणि तेवढ्यावर बोलावलं?”

“लगेच! फक्त फोन आला तो कंपनीच्या कॅन्टीनमधून.”