तुळस, खोकला आणि माझी सोयरीक

सगळा दोष माझ्या मामाचा. स्वतःचा दमा गेला न्हाई, पण गावाला औषधं वाटत फिरणार! रझाकारांच्या धामधुमीत शाळा सोडलेल्या मला परतूरचं स्थळ मुश्किलीनं आल्तं. पोरीच्या घरी ऐन बोलणीत मला खोकला सुटला. मामा कानात म्हणाला, "अंगणातली तुळस चाव, जल्दी थांबंल." मी शहाणा उठलो अन् मूठभर पानं ओरबाडून तोंडात कोंबली. त्या संध्याकाळी तुळशीचं लग्न होतं. तिची हळद, मुंडावळ्या दिसल्या, पण माझं डोकं चाललं न्हाई.

पोरीची आई मामाला म्हणाली, "भाऊ, भाच्यानं दारातली नवरी खाल्ली. आमची पोर कोणत्या भरवशावर द्यावी?"

मामा म्हणतो, "पण खोकला थांबला ना?"

थांबला होता. मी अजून बिनलग्नाचा आहे.