साठ लाडू

मैनाबाईचं गणित सोपं होतं. आज नातवाचं वजन दोनशे ग्रॅमनं वाढलं, तर सून घरीच राहणार. नाही तर चौदा दिवस पोराबरोबर दवाखान्यात आणि चूल मैनाबाईच्या गळ्यात. अंगणवाडीच्या मोनालीताईंनी कुशलला काट्यावर ठेवलं.

"पन्नासच वाढला, मावशी. अंगणवाडीतून साठ लाडू नेले होते. कोनं खाल्ले?"

"यानंच खाल्ले."

"साठही?"

"मौद्याचे पाहुणे आले होते. त्याइले चहासंगे देल्ले थोडे."

"पोराचं वजन वाढवाले देल्ले होते ते!"

"घरात लाडू असून पाहुण्याइले नुसता चहा देऊ का वं?"

"आधी पुडीतली शेंगदाण्याची पेस्ट देत होतो, ते कोनाले नाही देल्ली?"

"ते औषधी होती न! तिले कोन हात लावते?"

"हे लाडूबी औषधीच होय."

"मंग थोडे कडू करा न."

"तुम्ही किती खाल्ले?"

"मी फक्त खराब झाले का ते पाहो."

"रोज?"

"खराब व्हाले एक दिवस पुरते, पोरी."

मोनालीताईंनी दवाखान्याची चिठ्ठी सुनेच्या हातात दिली.

चूल मैनाबाईकडे आली. दीड वर्षाचा कुशल आईच्या कडेवर दवाखान्यात निघाला.