डावा कोपरा

(रुग्णालयातली दोन खाटांची खोली. एक खाट रिकामी. बास्केटबॉलचा अंतिम सामना हरल्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार.)

मामा : …म्हणून म्हणतो, आधी बाक रिकामा करायचा. तुम्हा पहिल्या पाच जणींना हात लावायचा नाही. पण बाकावर बसणाऱ्या राखीव पोरी जेवढ्या आहेत त्या सगळ्यांना नारळ.

कर्णधार : उशी जरा वर सरकव. अंहं, पाय नको! फक्त उशी.

मामा : सरकवली. बरं वाटतंय? आता ऐक. संध्याकाळी क्लबच्या कमिटीपुढे उभं राहायचंय मला. ते विचारणार, हातातला सामना गेला कसा? मी सांगणार, पाच जणींनी कमावला आणि बाकावरच्यांनी उधळला. यात लपवायचंय काय?

कर्णधार : आई दिसली का बाहेर?

मामा : अक्का? व्हरांड्यात बसलीय. मी शेजारी टेकलो, तर उठून पलीकडच्या टोकाला जाऊन बसली. सख्ख्या भावाशी अबोला! सामना काय मी हरवला?

कर्णधार : सामन्यासाठी नाही उठली ती.

मामा : येईल ताळ्यावर. तर तीन पोरी मी हेरून ठेवल्यात. त्यातल्या एकीचे हात एवढे लांब, की उभ्या उभ्या स्वतःचा गुडघा खाजवेल.

कर्णधार : गुडघ्याचे विनोद नकोत रे आज.

मामा : चुकलो. जीभ सैल आहे माझी, तुला माहितीय.

कर्णधार : मैदानावर सर म्हणायचं, घरी मामा. इथे नक्की कोण आलंय भेटायला?

मामा : दोघंही. फळं मामानं आणलीत.

कर्णधार : आणि बडबड सरांची.

मामा : हसलीस! देवा, तुझी कृपा. कालपासून वाट बघतोय. बरं, आता तूच सांग, तू पडलीस तेव्हा आपण पुढे होतो की नव्हतो?

कर्णधार : होतो.

मामा : चांगले पुढे होतो. मग तुझ्या जागी ती पाहुणी उतरली आणि…

कर्णधार : पाहुणी म्हणू नकोस तिला.

मामा : मी ठेवलं का नाव? तुम्ही पोरींनीच ठेवलंत. येते, बसते, पाणी पिते, निघून जाते.

कर्णधार : आम्हीच ठेवलं. तेव्हा हसू आलं होतं.

मामा : शेवटचा चेंडू आठव. ही बया रिंगच्या खाली एकटी. आजूबाजूला चिटपाखरू नाही. समोरच्या संघानं हिला माणसात धरलीच नव्हती, म्हणून एकटी. नुसता वर टाकायचा गं! आपली अक्का टाकेल, या वयात, पदर खोचून. आणि हिनं काय करावं? वर पाहिलंसुद्धा नाही. गर्रकन वळली आणि दिला चेंडू कोपऱ्यात भिरकावून. तिथे कोण होतं? कोणी नाही. वारा! चेंडू रेषेबाहेर, चषक घराबाहेर. आणि अख्खा हॉल हसला. हरण्याचं सोड, हरतात माणसं. पण ते हसले, पोरी.

कर्णधार : कुठल्या कोपऱ्यात?

मामा : कोपरा तो कोपरा. त्यात काय कुठला?

कर्णधार : डाव्या. गाडी यायची होती, मी कडेला स्ट्रेचरवर होते, मान तिकडेच होती. डावा कोपरा, रेषेच्या हातभर आत.

मामा : बरं मग?

कर्णधार : काही नाही. पाणी दे.

मामा : हे घे. सावकाश. हे बघ, तुला लागतील आठेक महिने. लागू देत. तोवर मी बाक असा उभा करतो, की तू परतशील तेव्हा तुझ्या पाठीशी नुसती भिंत असेल.

कर्णधार : मी हात वर केला होता, मामा.

मामा : कधी?

कर्णधार : मध्यंतरानंतर. मूठ वळून, बदली दे म्हणून. तू पाहिलंस आणि घड्याळाकडे मान वळवलीस.

मामा : …पाहिलं होतं.

कर्णधार : मला वाटलं होतं, नाही म्हणशील.

मामा : खोटं कशाला बोलू? पाहिलं. मग बाकाकडेही पाहिलं. सांग ना, तिथे कोणाला उठवणार होतो मी? सगळ्या बुटांच्या नाड्यांकडे बघत बसलेल्या. तुला तेव्हा काढलं असतं तर गळती तेव्हाच लागली असती. आणि उपांत्य सामन्यानंतर गुडघा सुजला, तेव्हा काय मी हातावर हात ठेवून बसलो होतो? पट्टी कोणी बांधली? बर्फ कोणी धरला?

कर्णधार : तूच धरलास. आणि धरता धरता म्हणालास, आता एकच सामना.

मामा : तू हो म्हणालीस.

कर्णधार : तुला नाही म्हणायला शिकवलंय कोणी मला? आई एकदा सामन्याला आली होती, आठवतं? भजनातून थेट आलेली, टाळ पिशवीत.

मामा : न आठवायला काय झालं? बसता उठता पिशवी वाजायची. पंच दोनदा वळून बघत होता.

कर्णधार : घरी जाताना तिनं तुला विचारलं, तुमच्यात पुढचीच सगळं गाते का रे? आमच्यात पुढचीनं ओळ सोडली की मागच्या ती उचलतात, तेवढ्यात पुढची दम खाते. ही पोर दम कधी खाते?

मामा : मी म्हणालो, अक्का, हे भजन नव्हे.

कर्णधार : हसत म्हणालास. ती नव्हती हसली.

पाहुणी : येऊ का आत? ताई झोपली असेल तर मी… अगंबाई, सर आहेत.

कर्णधार : ये गं. जागीच आहे.

पाहुणी : नाही, मी लगेच निघते. हा संघाचा शर्ट परत द्यायचा होता. क्लबात जाणार होते, पण तिथे सगळे असतील, म्हणून म्हटलं ताईकडेच देते. धुतलाय. पण वाळला नाही नीट, आभाळ भरलंय ना सकाळपासून.

मामा : ठेव त्या खाटेवर.

पाहुणी : गादी ओली होईल, सर. कोणी येईल रात्री झोपायला.

मामा : मग टाक खुर्चीच्या पाठीवर. एवढं डोकं काल चालवलं असतंस तर…

कर्णधार : मामा!

मामा : गप्प बसतो.

कर्णधार : तू बस. इथे पायथ्याशी. डावीकडे नको, तिकडे पाय आहे.

पाहुणी : उभी बरी आहे मी. ताई, खूप दुखतंय का? माझ्यामुळे तुमचा सगळ्यांचा…

कर्णधार : ते राहू दे. आधी मला एक सांग. सरावाच्या वेळी तू काय करायचीस?

पाहुणी : मी? मी काय करणार? काही नाही.

कर्णधार : सरांना सांग. त्यांनी आपला सराव कधी पाहिलाच नाही, असं समजून सांग.

पाहुणी : पहिल्या पाच जणी चेंडू रिंगमध्ये टाकायच्या. आम्ही बाकावरच्या रिंगच्या खाली उभ्या. चेंडू पडला की धरायचा आणि जिचा तिला परत द्यायचा. मी ताईची. ताई डाव्या कोपऱ्यात असायची.

कर्णधार : देताना वर रिंगकडे बघायचीस?

पाहुणी : छे! सर ओरडायचे ना. वर काय बघता, म्हणायचे, हमालानं ओझं उचलायचं, पेटी उघडून बघायची नाही. खूप हसायचो आम्ही.

कर्णधार : तूही?

पाहुणी : सगळ्या हसायच्या, मग मीही. आणि सरांचं बरोबर होतं. ताईला लवकर चेंडू मिळाला की तिचा हात गरम राहायचा. मी तर पुढे पुढे न बघता द्यायला लागले. ताई तिथेच असते, बघायचं काय? चेंडू हाताला लागला की हात आपला आपणच जातो डावीकडे.

मामा : काल…

पाहुणी : कालही तसाच गेला, सर. चेंडू सुटला आणि मग एकदम लक्षात आलं, की ताई तिथे नाहीये. पण तोवर सुटला होता. आणि मग सगळे हसले.

मामा : तू… सरावात एकदाही रिंगमध्ये टाकला नाहीस?

पाहुणी : एकदा टाकला होता. सगळ्या पाणी प्यायला गेल्या होत्या तेव्हा. आतही पडला. तुम्ही म्हणालात, खेळ पुरे, चेंडू पिशवीत भर.

मामा : मला आठवत नाही.

पाहुणी : नसेल आठवत. केवढीशी गोष्ट ती.

कर्णधार : केळं खा. मामानं आणलीत. डझनभर मी एकटी काय करू?

पाहुणी : नको, ताई.

मामा : हे बघ मुली, झालं ते झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी ताई परत येईलच, आठ महिन्यांत कोपऱ्यात उभी राहील आणि…

कर्णधार : मामा, सकाळी डॉक्टर येऊन गेल्या.

मामा : हो, मला म्हणाल्या होत्या काल, की…

कर्णधार : काल गुडघ्याचे फोटो आले नव्हते. आज आले. चालता येईल म्हणाल्या. जिना चढता येईल, कठडा धरून. पळणं नाही. उडी नाहीच.

मामा : दुसऱ्या डॉक्टरला दाखवू.

कर्णधार : दुसरे बरोबरच होते त्यांच्या. दोघांनी मिळून सांगितलं.

मामा : मोठ्या शहरात नेऊ. मी उद्याच…

कर्णधार : मामा. बस खाली.

मामा : अक्काला माहितीय हे?

कर्णधार : तिच्यादेखत सांगितलं. तिनं माझा पाय नुसता कुरवाळला आणि बाहेर गेली. त्यानंतर तू आलास आणि तिच्या शेजारी जाऊन टेकलास.

पाहुणी : मी जाते. तुम्ही घरातले बोलताय.

कर्णधार : कुठे जायचं नाही. तुलाही कळायला हवं. काल पडले तेव्हा गुडघा गेला नाही माझा. तो आधीच चालला होता. तू वर बघितलं असतंस, टाकला असतास, आपण जिंकलो असतो, तरी आज मी याच खाटेवर असते.

मामा : मला वाटायचं, तू आहेस ना. तू आहेस म्हटल्यावर बाकाकडे बघायचं कशाला?

कर्णधार : आता बघावं लागेल.

मामा : आज पहाटे देवापुढे बसलो, तर हात जोडलेले आणि डोक्यात काय? कोणाकोणाला काढायचं तेच. एवढा वेळ बसलो, तुझं नाव आलं नाही ओठांवर. तू बरी होणारच, असं धरून चाललो होतो.

कर्णधार : रडू नकोस. तू रडलास की आई तिथून उठून येईल, आणि मग ती रडेल. मला नाही सोसायचं.

मामा : नाही रडत.

कर्णधार : संध्याकाळी कमिटीला काय सांगणार?

मामा : कमिटीला नवा बाक हवाय, पोरी. ते हसणं त्यांनीही ऐकलंय. लांब हातांची ती पोरगी मला आणावीच लागणार.

कर्णधार : आण की. मी कुठे नको म्हणते? पण तिलाही खाली वाकून चेंडू गोळा करायला लावलेस, तर पुढच्या वर्षी हीच खोली. खाट तेवढी ती पलीकडची.

मामा : …ए पाहु… ए मुली.

पाहुणी : काय, सर?

मामा : तो शर्ट उचल.

पाहुणी : ओला आहे अजून.

मामा : म्हणून तर म्हणतो, घरी नेऊन वाळव. उद्या सकाळी घालून ये. बाकीच्यांनाही सांग. आणि रिंगकडे तोंड करून उभ्या राहा सगळ्या. चेंडू पिशवीत भरायला मी सांगेपर्यंत कोणी भरायचा नाही.

पाहुणी : आणि कमिटी नाही म्हणाली तर?

मामा : नाही म्हणेलच बहुधा. तुम्हालाही आणि मलाही. कुलूप बदलेपर्यंत हॉलची किल्ली माझ्याच खिशात आहे. तोवर या.

कर्णधार : कुठे निघालास?

मामा : अक्काकडे.

कर्णधार : बोलणार नाही ती.

मामा : नको बोलू दे. उठून पलीकडे गेली तर मीही पलीकडे जाईन. व्हरांडा काय, कुठेतरी संपतोच.

कर्णधार : …गेला. दार ओढून घे गं. वारा येतोय.

पाहुणी : ताई, सर खरंच म्हणाले? रिंगकडे तोंड करून?

कर्णधार : खरंच म्हणाले.

पाहुणी : मग परत कोण देणार चेंडू? पडलेले?

कर्णधार : मी देईन. इथून घरी सोडू देत. बसल्या बसल्या देता येतो की.

पाहुणी : तू? तू बाकावर बसणार?

कर्णधार : कधी बसलेच नाही गं मी तिथे. बरी जागा कुठली असते?

पाहुणी : कडेची घे, ताई. पाय लांब करता येतो.