सातव्या होलवरचा चेंडू

गोल्फ खेळून दमलेलं अंग मी गरम झऱ्याच्या कुंडात सोडलं होतं. वाफेपलीकडे, डोक्यावर पंच्याच्या घड्या ठेवून, दोन म्हातारे कुजबुजत होते.

"सेगावा, सातव्या होलवर कुरामोचीचा चेंडू खरंच हरवला असेल?"

"म्हणजे काय! झुडपात आपण सगळे शोधत नव्हतो का?"

"सगळे नाही, आपण दोघं. तो कुठे होता?"

"तो... होलमधल्या झेंड्यापाशी गेला होता."

"तिथे वाकला आणि हात खिशात घातला. मी पाहिलं."

"एका फटक्यात थेट होलमध्ये? अरे, जन्मात एकदा येतो असा योग! लपवेल कशाला?"

"मग रिवाजाप्रमाणे स्वखर्चाने सगळ्यांना मेजवानी द्यायची, भेटी वाटायच्या, वर क्लबच्या आवारात झाड लावायचं, हे कोण करणार? चिक्कू लेकाचा!"

"हातानो, नुसतं वाकलेलं पाहून तुला एवढं सगळं कळलं?"

"कळतं रे. वय झालं आपलं."

"गेल्या शरदात तुझाही चेंडू त्याच होलवर हरवला होता, नाही?"

"पाणी आज फारच तापलंय. निघतो मी."

"बस खाली. तेव्हाही झुडपातले काटे मलाच टोचले होते."