आधी चूळ भरा

ठाण्याच्या त्या ब्रुअरीत काहीतरी फुकट चाखायला मिळतंय, एवढं कानावर येताच डोंबिवलीचे नरसूकाका मसाला शेंगदाणे चघळत रांगेत घुसले. कसली रांग ते मागाहून कळलं. हौशी मंडळींच्या बिअरची स्पर्धा होती, आणि जिंकेल ती बिअर इथल्या नळावर विकली जाणार होती. काकांच्या पुढची पोरगी ग्लास छातीशी धरून परीक्षकांसमोर उभी होती.

"सर, ही माझी बिअर, स्कॉच एल. पण आधी चूळ भरून या."

"काय?"

"मिरचीभजी खाताय तुम्ही. तिसरी."

"अगं, बिअर म्हटली की चकणा आलाच!"

"ही गोडसर आहे, भाजलेल्या साखरेच्या चवीची. त्या जिभेला काय कळणारे?"

"दे इकडे. आणि बर्फ टाक थोडा."

"बर्फ? अजिबात नाही. गारठली की हिची चवच मरते."

"नाव काय तुझं?"

"सोनल ठोंबरे. मोहने गावची."

"सोनल, परीक्षक मी आहे. उभ्या उभ्या बाद करीन. मग बस नळाची वाट बघत!"

"करा ना! सहा महिने खपलेय मी हिच्यापायी. बाद करायची तर खुशाल करा, पण चव घेऊन करा."

"एवढी मिजास?"

"बेसिन डावीकडे आहे, सर."

परीक्षकांनी उरलेली भजी बशीत टाकली आणि पाय आपटत डावीकडे निघाले.

सोनल मागे वळली.

"काका, तुम्हीसुद्धा."

नरसूकाकांनी शेंगदाण्यांची पुडी खिशात कोंबली आणि निमूट परीक्षकांच्या मागे जाऊन उभे राहिले.